नदीकाठच्या दोन बहिणी

जर्मनीहून परत येऊन वर्ष होत आलं, तरी पहाटेच्या अर्धवट झोपेत मला अजून नाब नदीवरचं धुकं दिसतं. खिडकीबाहेर आमचा अजिंक्यतारा उभा असतो, दूधवाल्याची सायकल खडखडत असते, आणि मी मात्र मनाने त्या नदीकाठच्या बाकावर बसलेली असते. मग हे स्वयंपाकघरातून हाक मारतात, "अगं, जर्मनीहून आलीस का? चहा तू टाकतेस की मी टाकू?" आणि माझा दिवस सुरू होतो.

२००७ सालच्या ऑगस्टअखेर आम्ही दोघं रेगेन्सबर्गला गेलो. मुलगा निनाद तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, सून अश्विनी विद्यापीठात पीएच.डी. करते. विमानतळ, रांगा, पाय सुजणं हे सगळ्यांचं सारखंच असतं, ते सोडून देते. सांगायचं आहे ते एका घराबद्दल. त्या घराच्या गोष्टीत खरं काय आणि खोटं काय हे निवडायला मी, जन्मभर मुलींच्या शाळेत इतिहास शिकवलेली बाई, मोठ्या तोऱ्यात पुढे झाले आणि पहिल्याच फटक्यात तोंडावर पडले. मनात आलं होतं की तो भाग गाळावा. पण मग गोष्टच राहत नाही.

रेगेन्सबर्ग

पहिले आठ-दहा दिवस मी नुसती तरंगत होते. एवढी शांतता मी कधी ऐकलीच नव्हती. डोनाऊ नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर उभं राहिलं की खाली पाणी भोवरे घेत जातं, एका बाजूला सॉसेज भाजल्याचा धूर येतो, आणि चर्चची घंटा वाजली की तो आवाज पाण्यावरून किती तरी वेळ सरकत राहतो. लोक हळू बोलतात. रविवारी तर माणसं श्वासही बेताने घेत असावीत. मी एका रविवारी चटणी वाटायला मिक्सर काढला तशी अश्विनी धावत आली.

"आई, आज नको हं! रुहेटाग आहे, आवाज चालत नाही. खालची बाई वर येईल लगेच."

"अगं, चटणीसुद्धा नाही?"

"चटणीसुद्धा नाही. उद्या वाटू."

आमच्याकडे रविवारी सकाळी चार घरांतून चार भोंगे लागतात. मला ती शांतता आवडली, पण संध्याकाळी जरा एकटंही वाटायचं. त्यात गणपती तोंडावर आलेले. शाडूची लहानशी मूर्ती मी ह्यांच्या स्वेटरात गुंडाळून आणली होती, ती सुखरूप पोचली. गौरी मात्र आमच्या घरच्या त्या वर्षी धाकट्या जाऊबाईंकडे, कऱ्हाडला, बसणार होत्या. लग्न झाल्यापासून गौरी आल्या आणि मी दारात नाही असं कधी झालं नव्हतं. ते मनाला लागून राहिलं होतं, आणि ते बोलून दाखवलं की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून बोलत नव्हते.

इंडरहाऊस

सप्टेंबरातल्या एका रविवारी तिथे जुन्या वास्तू लोकांना बघायला उघड्या ठेवतात. अश्विनी म्हणाली, "आई, तुम्हाला आवडेल असं एक घर आहे. गावात त्याला इंडरहाऊस म्हणतात. म्हणजे इंडियावाल्यांचं घर. मी मागे एकदा गेले होते. तर तिथली गोष्ट तुम्ही ऐकाच."

निनादला काम होतं. आम्ही तिघं बसने निघालो. रस्ता नाब नदीला चिकटून जात होता. धुकं इतकं दाट की झाडं आधी नुसत्या सावल्या म्हणून यायची, जवळ आली की हिरवी व्हायची आणि मागे जाताना परत विरघळायची. मला वाटतं मी मध्येच झोपले. जाग आली तेव्हा बस थांबली होती आणि समोर पिवळसर भिंतींचं, उतरत्या छपराचं एक घर धुक्यातून वर येत होतं. नावाला श्लॉस, म्हणजे राजवाडा, पण आकार आपल्याकडच्या एखाद्या गढीएवढा. गावाचं नाव मी लिहीत नाही. घराच्या मालकीणबाईंनी तसं सांगितलं आहे, कारण त्यांना जास्त पाहुणे झेपत नाहीत.

मालकीणबाई म्हणजे फ्राऊ ब्रुनर. ऐंशीच्या पुढच्या, ताठ कण्याच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. भावंडं नाहीत, लग्न केलं नाही. त्या घराण्यातल्या त्या शेवटच्या. तीन खोल्या त्यांनी लोकांसाठी उघड्या ठेवल्या होत्या आणि गोष्ट स्वतःच सांगत होत्या. अश्विनी माझ्या कानाशी मराठीत सांगत होती.

गोष्ट अशी. फ्राऊ ब्रुनर यांचे पणजोबा व्यापारानिमित्त मुंबईला गेले होते. परतताना त्यांनी दोन सख्ख्या बहिणी बरोबर आणल्या. शरद ऋतूतल्या एका संध्याकाळी त्या ह्या घरात आल्या, तेव्हा दारापासून आतपर्यंत दिवे लावले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी मोठी मेजवानी झाली. आणि तिसऱ्या दिवशी दोघी नदीत बुडाल्या. पणजोबांनी दुःखाने त्यांचे चेहरे पितळेत ओतून घेतले. ते चेहरे घरात आहेत, पण फ्राऊ ब्रुनर ते कुणाला दाखवत नाहीत. बहिणींची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. चर्चच्या नोंदीत असं कुणी पुरल्याचं नाही.

बाकीचे पाहुणे हळहळले आणि पुढच्या खोलीतल्या चिनीमातीच्या शेगडीकडे वळले. मी तिथेच उभी राहिले. परक्या देशात येऊन तिसऱ्याच दिवशी बुडालेल्या त्या दोन मुली माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. कुठल्या असतील? कुणाच्या असतील?

मग आम्ही बागेत गेलो. लिंडनच्या झाडांखाली ओली पानं पसरली होती, कोपऱ्यात भाजीचा वाफा होता, आणि बाग संपून नदी सुरू होते तिथे एक दगड कलून पडला होता. अर्धा मातीत, अर्धा शेवाळात. त्यावर एक हात कोरलेला होता. कोपरात वाकलेला, वर उचललेला, मनगटाशी दोन-तीन आडव्या रेघा.

माझ्या अंगावर काटाच आला. साताऱ्याजवळ कृष्णाकाठी असे दगड मी किती तरी मुलींच्या तुकड्यांना नेऊन दाखवले आहेत. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी मोठ्याने म्हणाले, "अश्विनी, ही सतीशिळा आहे! तो बघ हात, आणि त्या बांगड्या!"

अश्विनीने ते जर्मनमध्ये सांगितलं. फ्राऊ ब्रुनर माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एका हाताने तो दगड धरला आणि दुसऱ्याने माझा हात. त्या रडत होत्या. अश्विनी हळू आवाजात सांगू लागली, "आई, त्या म्हणतायत की त्या लहानपणापासून रोज ह्या दोघींसाठी मेणबत्ती लावतात. त्यांना बहिणी नव्हत्या ना, मग ह्याच बहिणी. सगळे म्हणायचे, दंतकथा आहे, सोडून दे. आज पहिल्यांदा त्या दोघींच्या देशातलं कुणी तरी म्हणालं की हे खरं आहे."

आणि मग त्यांनी मनातलं सांगितलं. स्वतःच्या पश्चात घर दूरच्या नातेवाइकांकडे जाणार. त्याआधी घराण्याच्या थडग्यावर त्या दोघींसाठी एक दगडी पाटी बसवायची होती. पाथरवट ठरला होता, सप्टेंबरअखेरचा टेर्मिन, म्हणजे ठरलेली वेळ, मिळाला होता. फक्त काय कोरायचं ते ठरत नव्हतं. आता मी त्या बहिणींच्या भाषेत, त्यांच्या लिपीत काही लिहून द्यावं आणि जमलं तर नावं शोधावीत.

मी अर्थातच फुलून गेले. हो म्हणाले. पुढच्या रविवारी या, तुम्हाला चेहरे दाखवते, असं त्यांनी सांगितलं.

परतताना बसमध्ये हे बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. आयुष्यभर वीज मंडळात हिशेबनीस म्हणून काढल्यामुळे ह्यांना कुठलीही बेरीज पटल्याशिवाय चैन पडत नाही.

"एक विचारू?" हे म्हणाले.

"विचारा."

"सती जायचं तर नवरा आधी मरावा लागतो ना? पणजोबा तर ह्या दोघी गेल्यावर चेहरे ओतत बसले होते."

अश्विनी तोंड फिरवून हसत होती, ते मला काचेत दिसलं.

बाजारचं गाव

त्या आठवड्यात आम्ही शेजारच्या एका लहान गावच्या बाजारात गेलो. आलुबुखाराचे दिवस होते. पातळ चौकोनी केकवर ती फळं ओळीने लावून भाजतात, त्याला दाची म्हणतात. गरम दाचीचा पहिला तुकडा तोंडात घातला आणि समोर बघते तो चौकाच्या कडेला तोच दगड! तसाच हात, तसाच कोपर, मनगटाशी त्याच रेघा. फक्त हा सरळ उभा होता, आणि हाताच्या मुठीत तलवार होती.

शेजारी माहितीची पाटी होती. अश्विनी वाचत गेली आणि माझा घास तोंडातच फिरत राहिला. जुन्या काळी बाजाराची हद्द दाखवायला असे दगड उभारत. ह्या हद्दीत भांडणतंटा कराल तर याद राखा, असा त्याचा अर्थ. मनगटावरच्या रेघा म्हणजे शिपायाच्या बाहीची दुमड. फ्राऊ ब्रुनर यांच्या दगडाचा वरचा तुकडा तुटला होता, तलवार त्याच्याबरोबर गेली होती, एवढंच.

"म्हणजे तुझी सती म्हणजे बाजारातला हवालदार निघाला," हे म्हणाले आणि माझ्या कागदातला केक उचलला.

मला हसू आलं नाही. माझी चूक झाली त्याचं काही नाही, फळ्यावर लिहिलेलं मी आयुष्यभर पुसत आले. पण ही दगडावर जाणार होती. एक म्हातारी बाई माझ्या शब्दावर घराण्याच्या थडग्यावर पाटी बसवणार होती, आणि ती चुकीची गोष्ट मागे ठेवून जाणार होती. तिला सांगायला हवं होतं. माझा हात धरून रडणारा तिचा चेहरा आठवला की वाटायचं, ते काम अश्विनीने फोनवर करून टाकावं.

दुसरा रविवार

आदल्या दिवशी गणपती बसले होते. मोदकांचा डबा घेऊन आम्ही परत त्या घरी गेलो. डबा देऊन लगेच दगडाचं सांगायचं, असं मी बसमध्ये घोकत होते. पण फ्राऊ ब्रुनर यांनी बोलूच दिलं नाही. आम्हाला थेट वरच्या मजल्यावर, स्वतःच्या निजायच्या खोलीत घेऊन गेल्या. पडदे ओढलेले होते. कोनाड्यात एक मेणबत्ती, आणि तिच्या मागे काळ्या जाळीदार कापडाखाली दोन आकार. त्यांनी कापड बाजूला केलं.

"अगं बाई," माझ्या तोंडून निघालं, "तुम्ही इथे?"

गौरी होत्या. पितळी मुखवटे. पसरट भुवया, लांब डोळे, कपाळावर कोरलेलं कुंकू, कानांत भोकं, नाकात नथीसाठी भोक, खाली मानेशी उभं करायला पोकळ गळा. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. चार दिवसांपूर्वी जाऊबाईंना फोनवर "मुखवटे चिंचेने घासून ठेव" असं सांगितलं होतं, आणि इथे, पडदे ओढलेल्या खोलीत, गळ्यात काळी फीत बांधून ह्या दोघी माझ्यासमोर. मला रडू आवरेना. ह्यांनी नकळत पायातले बूट काढले.

फ्राऊ ब्रुनर यांना वाटलं, मी त्या मुलींसाठी रडते आहे. त्यांनी लिहायला कागद पुढे केला. "नावं?" त्यांनी विचारलं.

"अश्विनी," मी म्हणाले, "त्यांना सांग की ह्या मेलेल्या नाहीत."

"आई, असं कसं सांगू? नीट सांगा ना."

मग मी सांगत गेले आणि ती सांगत गेली. आधी दगडाचं सांगितलं, म्हणजे ते ओझं उतरावं. मग गौरींचं. ह्या कुणा बायकांच्या चेहऱ्यांवरून ओतलेल्या नाहीत, ह्या देवी आहेत, आमच्या घरोघरी असतात. आणि ते सांगता सांगताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पहिल्या दिवशी दिवे लावून घरात आणतात. दुसऱ्या दिवशी मेजवानी. तिसऱ्या दिवशी पाण्यात निरोप! ज्याने कुणी पणजोबांना हे मुखवटे दिले त्याने ते कशासाठी असतात हेही सांगितलं असणार. दोन बहिणी, येतात, जेवतात, तिसऱ्या दिवशी पाण्यातून परत जातात. पणजोबांनी ते घरी सांगितलं, त्यांच्या मुलांनी नातवंडांना, आणि कानगोष्टींच्या खेळात होतं तसं दरवर्षी येणं एकदाचं होऊन बसलं आणि निरोपाचं बुडणं झालं. गोष्टीतला शब्द न् शब्द खरा होता. फक्त त्या बायका नव्हत्या आणि कुणी मेलं नव्हतं.

मला इतका आनंद झाला की समोर बघायचं भानच राहिलं नाही. बघितलं तेव्हा फ्राऊ ब्रुनर खुर्चीत बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक.

त्या सावकाश बोलल्या. अश्विनीने खाली मान घालून सांगितलं, "त्या म्हणतायत, गेल्या रविवारी तुम्ही म्हणालात ही सती आहे. आज म्हणताय तो दगड कुणाचाच नाही आणि ह्या दोघी कधी नव्हत्याच. पुढच्या रविवारी काय म्हणाल?"

बरोबरच होतं ते.

"आणि त्या विचारतायत, मग जन्मभर त्यांनी मेणबत्ती कुणासाठी लावली?"

आम्ही निघालो तेव्हा खाली कॉफीचे कप मांडलेले होते, पण त्यांनी बसा म्हटलं नाही. मोदकांचा डबा मात्र ठेवून घेतला. बसस्टॉपवर धुकं परत उतरायला लागलं होतं. मी ह्यांना म्हणाले, "खरं सांगून मी काय मिळवलं हो?" ह्यांनी फक्त माझी शाल नीट केली. घरी येऊन मी गणपतीपुढे बसले आणि मनातल्या मनात त्याच्याशीच भांडले. म्हटलं, तुझी आई तिथे काळ्या फितीत बांधली आहे आणि तू इथे मोदक खातोस.

गौरी आली

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. अश्विनी "या, या, गेनाऊ", म्हणजे "हो, हो, अगदी", करत बराच वेळ ऐकत होती. मग तिने रिसीव्हरवर हात ठेवला. तिचे डोळे मोठे झाले होते.

"आई, फ्राऊ ब्रुनर आहेत. विचारतायत, त्या येतात म्हणालात, तो दिवस कुठला?"

"उद्याचा," मी म्हणाले.

अश्विनीने सांगितलं. मग एक वाक्य आलं.

"विचारतायत, पहिल्या दिवशी जेवायला काय लागतं?"

पहिल्या दिवशी गौरींना शेपूची भाजी आणि भाकरी. जर्मनीत ज्वारीचं पीठ मिळायची मारामार, पण शेपू! त्यांच्या बागेतल्या वाफ्यात शेपूच शेपू होता, काकड्यांच्या लोणच्यासाठी लावलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा फ्राऊ ब्रुनर यांनी तो टोपलीभर खुडून, धुऊन, स्वयंपाकघरात मांडून ठेवला होता. भाकरी मी गव्हाच्या आणि मक्याच्या मिसळ पिठाची थापली, ती कडांना तडकली, पण भाकरी म्हणून चालून गेली.

गौरी उभ्या करायला स्टॅण्ड नव्हते. त्यांनी तळघरातून दुधाच्या दोन उंच जुन्या किटल्या आणल्या, ह्यांनी त्यात वजनाला बटाटे भरले. माझ्याजवळची इरकल एकीला नेसवली, अश्विनीची नारायणपेठ दुसरीला. नथ अश्विनीच्या लग्नातली एकच. फ्राऊ ब्रुनर आत गेल्या आणि स्वतःच्या कानातला मोती घेऊन आल्या.

ज्येष्ठेला नथ घालायला गेले तर आत जाईना. भोकात काही तरी अडत होतं. अश्विनीने सुईने खरवडलं, तर पितळेचा बारीक कीस निघाला. भोकाची कड धारदार होती, बोटाला लागली. आमच्या घरच्या मुखवट्यांची ही कड पिढ्यान् पिढ्या नथ घालून गुळगुळीत झालेली आहे. मी धाकटीचंही बघितलं. तसंच.

फ्राऊ ब्रुनर माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, आणि कळलं की हाच प्रश्न त्यांना दोन रात्री जागवत होता, "ह्या कुणाच्या घरातून चोरून आणल्या का?"

खरं सांगायचं तर मलाही तोच संशय होता. गौरी कोण विकतं? पण आता माझ्या बोटाला ती कड लागली होती.

"घाईने बोलायची मला शिक्षा झालेली आहे," मी म्हणाले, "म्हणून दिसतं तेवढंच सांगते. ह्यांना कधी कुणी नथ घातलेली नाही. म्हणजे ह्या कुठल्या घरातल्या नसाव्यात. दुकानातून नव्या कोऱ्या घेतल्या असाव्यात. कुठल्या गावच्या, कुणी विकल्या, ते मला माहीत नाही. पण ह्या कधी बसल्याच नाहीत. कधी कुणी ह्यांना या म्हटलं नाही, नैवेद्य दाखवला नाही. ह्यांच्यापुढे आजवर दिवा लागला तो फक्त तुमचा."

फ्राऊ ब्रुनर यांनी ऐकून घेतलं. मग उठून ज्येष्ठेच्या गळ्यातली काळी फीत सोडली, मग कनिष्ठेची, आणि दोन्ही फिती घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवल्या.

संध्याकाळी आम्ही दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढली. मुखवटे ताटात घेऊन एक मी धरला, दुसरा त्यांच्याच हातात दिला. घर त्यांचं, आणायच्या त्यांनीच. अश्विनी मागून ताटली वाजवत होती. गौरीला सगळं घर दाखवायचं असतं. प्रत्येक दारात मी विचारायचं, इथे काय आहे, आणि घरच्या बाईने सांगायचं.

"इथे काय आहे?" तळघराच्या दारात मी विचारलं.

"कार्टोफेल्न," फ्राऊ ब्रुनर गंभीरपणे म्हणाल्या. बटाटे.

"इथे?" जाम, काकड्यांचं लोणचं, सफरचंदं. "इथे?" पणजोबांची खोली. "इथे?" त्या म्हणाल्या, माझी आई ह्या खोलीत वारली. त्या दारात आम्ही सगळेच जरा उभे राहिलो. बाहेर नदी धुक्यात गेली होती, खिडक्या राखाडी झाल्या होत्या, आणि पावलांशेजारी पणत्यांच्या जागी त्यांच्या लहान लहान मेणबत्त्या जळत होत्या. मी कऱ्हाडला आहे की कुठे आहे ते मला खरोखर कळत नव्हतं. लहानपणी ऐकलेला आजीचा आवाज माझ्याच तोंडून येत होता. गौरी किटल्यांवर बसल्या, नथ आणि मोती लुकलुकला, आणि आठवडाभर मनात कोंडलेलं सगळं मी रडून मोकळं केलं.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी झाली. हरभऱ्याची डाळ तुर्की दुकानातली. फ्राऊ ब्रुनर यांनी दाची भाजून नैवेद्याच्या ताटात पुरणपोळीशेजारी ठेवली, आणि ती नको म्हणण्याची माझी प्राज्ञा नव्हती. शेजारपाजारची चार माणसं आली. गोष्टीतल्यासारखी गावजेवणाची मेजवानी नाही म्हणता येणार, पण पोळ्या पुरल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी निघायच्या वेळी त्या अस्वस्थ झाल्या. दोन्ही गौरींच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नदीत नाही ना?"

"नाही हो," मी म्हणाले, "मातीच्या असल्या तर पाण्यात. पितळेच्या पेटीत जातात." मी अक्षता वाहिल्या, मुखवटे जागचे जरासे हलवले, आणि पुन्हा या म्हटलं. तेच त्यांनाही म्हणायला लावलं. त्यांनी ते मराठीत म्हटलं. मग मुखवटे मऊ फडक्यात गुंडाळून त्या कोनाड्यात नाही, पेटीत ठेवले.

थडग्यावरची पाटी झाली नाही. पण पाथरवटाचा टेर्मिन ठरलेला होता, आणि तिथे टेर्मिन वाया घालवणं हे अन्न टाकण्यासारखं. म्हणून त्याच्याकडून त्यांनी बागेतला तो कललेला दगड सरळ करून घेतला.

सातारा

अश्विनी अधूनमधून त्यांच्याकडे जाते. ती सांगते की रविवारच्या पाहुण्यांना आता नवी गोष्ट ऐकायला मिळते. बागेत दगडापाशी आल्यावर फ्राऊ ब्रुनर सांगतात, "भारतातल्या एका इतिहासाच्या शिक्षिकेने ह्याला सतीचा दगड ठरवलं होतं," आणि लोक हसतात. म्हणजे त्या घराच्या इतिहासातल्या चुकांमध्ये आता माझीही जमा झाली आहे. इथे हे आल्यागेल्याला तीच गोष्ट सांगतात.

परवा दुपारी मी डाळ निवडत होते. फोन आला. अश्विनी म्हणाली, "आई, फ्राऊ ब्रुनर इथेच आहेत, माझ्याशेजारी. पाय मुरगळला होता त्यांचा, पण आता बऱ्या आहेत. त्यांना तुमच्याकडून एक हवंय. देते हं."

पलीकडून त्यांचा आवाज आला. जर्मनच, पण सावकाश, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा. अश्विनीने मागून मराठीत सांगितलं.

"विचारतायत, गेल्या वर्षीची तारीख चालत नाही असं तुम्ही म्हणाला होतात. मग माझ्या बहिणी ह्या वर्षी कधी येणार?"

मी त्यांना थांबा म्हटलं, हात पुसले आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून भाद्रपदाचं पान उघडलं.